काविळीची ओळख : पिवळ्या डोळ्यापासून रक्ताच्या थेंबापर्यंत

आपल्या वऱ्हाडात कावीळ हा काही अनोळखी रोग नव्हे. पावसाळा लागला, नाल्याचे गढूळ पाणी विहिरीत उतरले, की गावात दोन-चार माणसे तरी पिवळी पडतात. मग आया-बाया हळूच विचारतात, "डोये पाह्यले का त्याचे?" आणि पोराची खालची पापणी ओढून सांगतात, "कावीय झाली बाप्पा याले." ही पापणी ओढून पाहणे हीच जगातली काविळीची पहिली तपासणी. आजचा डॉक्टरही सुरुवात तिथूनच करतो.

मी वैद्य नव्हे. मी इतिहासाचा अध्यापक. तेव्हा औषधपाणी सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण राजेरजवाड्यांचा जसा इतिहास असतो, तसा रोग ओळखण्याच्या विद्येचाही इतिहास असतो, आणि तो कधी कधी लढायांच्या इतिहासाहून अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. कारण त्यात हार झाली तर आपल्या घरातले माणूस जाते. आज मी एका विशिष्ट काविळीची हकीकत सांगणार आहे. शरीराचे राखणदारच पित्तनलिकेवर आणि स्वादुपिंडावर उलटतात, आणि त्यामुळे होणारी ही कावीळ. तिची ओळख रक्तातून पटू लागली ती अगदी अलीकडे, २००१ साली. त्याआधी ती बहुतेक वेळा कर्करोग म्हणून गणली जात होती.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो.

माझे मामा मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात राहत. कापूस आणि तुरीची शेती. वय साठीच्या घरात, अंग काटक, आयुष्यात दवाखान्याची पायरी फारशी चढलेली नाही. १९९८ च्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तर मामा ओसरीवर बसलेले. मला पाहून म्हणाले, "बापू, डोये पिवये झाले म्हणतात माहे. मले तं काही दुखत नाही. भूक तेवढी मेली." मामीने गळ्यातली माळ दाखवली. शेजारच्या गावचा एकजण कावीळ उतरवीत असे, त्याने घातलेली. माळ रोज लांबत होती आणि सगळ्यांना वाटत होते, कावीळ उतरते आहे.

या माळेचे गुपित आता पुष्कळांना ठाऊक आहे. ओल्या देठांच्या तुकड्यांची ती माळ असते. देठ वाळले की आकसतात, गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो. काविळीच्या रोग्याच्या गळ्यात घाला, नाहीतर खुंटीला टांगून ठेवा, माळ लांबायचीच. पण लोकांचा विश्वास बसतो त्याला एक कारण आहे, आणि ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. रोग आपल्या गतीने जातो आणि श्रेय माळेला मिळते. मामांची कावीळ त्या जातीची नव्हती. दोन महिने माळ लांबत राहिली आणि मामा पिवळ्याचे हिरवट झाले. अंगाला खाज इतकी, की रात्र रात्र झोप नाही.

शेवटी त्यांना मोठ्या शहरात नेले. चित्रे काढली. स्वादुपिंडाचे डोके सुजलेले, पित्तनलिका दाबलेली. डॉक्टर म्हणाले, हा कर्करोग दिसतो, शस्त्रक्रिया हाच उपाय. शस्त्रक्रिया झाली, फार मोठी झाली. स्वादुपिंडाचा भाग, पित्तनलिकेचा भाग, आतड्याचा भाग, सारे काढावे लागले. पंधरा दिवसांनी काढलेल्या मांसाचा अहवाल आला. त्यात कर्करोग नव्हता. नुसती सूज होती आणि तंतूंचे जाळे होते. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण मामांचा पुढचा काळ मधुमेह आणि अशक्तपणा यांत गेला आणि पाच वर्षांनी ते वारले. त्यांना काय झाले होते, हे त्या दिवशी कोणालाच सांगता आले नाही. डॉक्टरांचा दोष म्हणावा, तर तोही नाही. त्या रोगाला ओळखण्याची खूण १९९८ साली जगात कुणाच्याच हाती नव्हती.

ती खूण कशी सापडली, त्याचीच ही गोष्ट.

आपल्याकडे काविळीचा विचार फार जुना आहे. चरकसंहितेत पांडुरोगाच्या प्रकरणात कामला सांगितली आहे, आणि तिथे एक निरीक्षण असे आहे की आजच्या वैद्यांनीही मान डोलवावी. एका प्रकारच्या कामलेत पित्ताची वाट अडते आणि रोग्याचा मळ वाटलेल्या तिळासारखा फिकट होतो. डोळे पिवळे, लघवी पिवळी, पण मळ पांढुरका! याचा अर्थ असा, की पित्त तयार होते आहे, पण आतड्यात उतरत नाही. हातात काहीही यंत्र नसताना केवळ डोळे उघडे ठेवून त्या जुन्या वैद्यांनी अडलेली कावीळ आणि न अडलेली कावीळ यांत भेद केला.

ही अडण्याची जागा नीट लक्षात घ्या. यकृतात पित्त तयार होते. ते एका नळीने खाली येते. शेजारी स्वादुपिंड आहे, त्याचाही पाचक रस एका नळीने येतो. विहिरीवरून दोन पाट यावेत आणि एकाच मोरीतून वाफ्यात पडावेत, तशा या दोन नळ्या शेवटी जवळ येऊन बहुतेकांत एकाच तोंडाने लहान आतड्यात उघडतात. पित्ताची नळी तर स्वादुपिंडाच्या डोक्यातूनच जाते. म्हणून स्वादुपिंड सुजले की पित्ताचा पाट तुंबतो. तुंबलेले पित्त रक्तात उतरते आणि माणूस पिवळा पडतो. गाठ कर्करोगाची असो की साध्या सुजेची, पाट तुंबला की कावीळ सारखीच दिसते.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ या. पिवळेपणा डोळ्यांनी दिसतो हे खरे, पण तो मोजायचा कसा? १८८३ साली जर्मनीत पॉल एहर्लिख या वैद्याने एक रसायन शोधले. पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याशी ते मिसळले की लालसर रंग येतो. आपल्या बायाबापड्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि कुंकू त्याच युक्तीने करतात. रसायने वेगळी, पण तत्त्व तेच : एक रंग पाहायचा असेल तर त्याला दुसरा रंग आणून बोलता करायचा. पुढे १९१३ साली हॉलंडमधील हायमन्स व्हान डेन बर्ग यांनी हीच युक्ती रक्तरसावर लावली.

रक्तरस म्हणजे काय, ते शाळेतील मुलांना एका वाक्यात सांगता येईल. रक्त काचेच्या नळीत थोडा वेळ ठेवले की लाल गोळा खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी राहते. तो रक्तरस, ज्याला डॉक्टर सीरम म्हणतात. आजच्या आपल्या कथेतले बहुतेक सगळे नाटक त्या चमचाभर पाण्यात घडते.

व्हान डेन बर्ग यांना दिसले, की काही रोग्यांच्या रक्तरसात रंग लगेच उमटतो, तर काहींच्यात अल्कोहोल घातल्यावरच उमटतो. पहिला प्रकार बहुधा पाट अडलेल्यांचा किंवा यकृत बिघडलेल्यांचा, दुसरा रक्त फुटून होणाऱ्या काविळीचा. चरकांनी मळाच्या रंगावरून जो भेद केला होता, त्याच्या जवळपास जाणारा भेद आता नळीत दिसू लागला.

त्यानंतर एकेक खूण हाती येत गेली. स्वादुपिंडाच्या रसातील पिष्ट पचविणारे द्रव्य मोजण्याची रीत १९०८ साली वोल्गेमुथ यांनी बसवली होती. स्वादुपिंड अचानक सुजले की ते द्रव्य रक्तात आणि लघवीत वाढते. १९३० च्या सुमारास इंग्लंडात रॉबर्ट्स यांनी दाखविले, की पित्ताचा पाट अडला की रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते. १९५५ च्या आसपास न्यूयॉर्कमधील वैद्यांनी ट्रान्सअमिनेज ही यकृतपेशींच्या नासधुशीची खूण दिली. आज तालुक्याच्या गावी "लिव्हरचं टेस्ट" म्हणून जो कागद हाती मिळतो, त्यावरच्या ओळींची वंशावळ ही अशी आहे.

परंतु या साऱ्या खुणा एवढेच सांगतात की घरात नुकसान झाले आहे. चोर कोण, हे त्या सांगत नाहीत. चोर ओळखायला आणखी एक विद्या लागली. ती म्हणजे प्रतिपिंडांची विद्या.

बर्लिनमध्ये १८९० साली बेरिंग आणि जपानचे किताझातो यांनी दाखविले, की रोगाशी झुंजलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या रोगाविरुद्ध लढणारे काहीतरी तयार होते. हेच प्रतिपिंड. गावचा जागल्या जसा अनोळखी माणसाला हटकतो, तसे ते परक्या जंतूला हटकतात. जागल्याच्या डायरीत कोणाकोणाला हटकले त्याची नोंद असते, तसा रक्तरसही आपल्या आयुष्यातील लढायांची नोंद ठेवतो.

या नोंदी वाचण्याच्या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. या माणसांच्या रक्तरसात ओ गटाच्या रक्तावरही तुटून पडणारे प्रतिपिंड होते. ओ गटाचे रक्त साधारणपणे कोणालाही चालते, पण या माणसांना ते चालेना! त्यांच्या तांबड्या पेशींवर एक मूळ खूणच नव्हती, जी ओ गटाच्या माणसांतही असते. या रक्तगटाला जगाने 'बॉम्बे' हेच नाव दिले. चमचाभर रक्तरस नीट वाचला तर त्यातून काय निघू शकते, हे मुंबईच्या त्या शोधाने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण तर खास काविळीचेच. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीला काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले होते. सुमारे २९,३०० माणसे पिवळी पडली. त्यावेळी सर्वांना वाटले, ही नेहमीची संसर्गजन्य कावीळ. पण कोणीतरी शहाणपणाने रोग्यांचे रक्तरस जपून ठेवले होते. पुढे 'अ' आणि 'ब' काविळींच्या विषाणूंच्या तपासण्या निघाल्या, तेव्हा १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील श्रीनिवासन, पावरी आणि त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी ते जुने रक्तरस काढून तपासले. पाहतात तो, ती कावीळ ना 'अ' ना 'ब'! पंचवीस वर्षांपूर्वीच्या रोगाची ओळख बाटलीत राखलेल्या रक्तरसाने पटविली. त्या तिसऱ्या काविळीला आज 'ई' म्हणतात. आपल्या गावांत पावसाळ्यात येणाऱ्या साथींत तिचा हात असतो, आणि गरोदर बाईला ती फार घातक ठरते, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. जागल्या परक्याला हटकतो हे ठीक. पण तो घरच्याच माणसाला काठी मारू लागला तर? एहर्लिख यांनी १९०१ सालीच म्हटले होते, की शरीर असे आत्मघाताचे कृत्य टाळते. त्यांच्या शब्दाचा दरारा इतका होता, की पुढे पन्नास वर्षे पुष्कळांनी असे घडूच शकत नाही असेच धरून ठेवले. १९५६ साली अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी, तर लंडनमध्ये रॉइट, डोनिॲक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या रोगात हे घडते असे दाखविले. रोग्याच्या रक्तरसातच स्वतःच्या ग्रंथीविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खाते. वैद्यकाला ही म्हण पटायला अर्धे शतक लागले. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, की मोठ्या माणसाचा शब्द हा पुरावा नव्हे. त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

एकदा दार उघडले आणि पित्तनलिकेची पाळी आली. १९६५ साली लंडनच्या वॉकर, डोनिॲक, रॉइट आणि शीला शेरलॉक यांनी यकृतातील बारीक पित्तनलिकांच्या एका रोगात विशिष्ट प्रतिपिंड दाखविले. उंदराच्या मूत्रपिंडाचा पातळ काप घ्यायचा, त्यावर रोग्याचा रक्तरस टाकायचा, आणि चकाकणाऱ्या रंगाने पाहायचे की प्रतिपिंड कुठे चिकटले. या रोगाच्या शंभरातील नव्वदांहून अधिक रोग्यांत ही खूण सापडते. रोग बहुधा मध्यम वयाच्या स्त्रियांना होतो, आणि सुरुवात पुष्कळदा नुसत्या अंगाच्या खाजेने होते. ही तपासणी निघाल्यावर पोट उघडून पाहण्याची गरज कितीतरी कमी झाली.

पण मामांचा रोग अजून अंधारातच होता. १९६१ साली फ्रान्समधील मार्सेय येथे सार्ल्स यांनी स्वादुपिंड कडक होणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. त्यांना दिसले की रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्या प्रथिनांत प्रतिपिंड असतात ती प्रथिने, वाढलेली आहेत. त्यांनी शंका घेतली की यामागे शरीराचेच राखणदार असावेत. शंका बरोबर होती, परंतु पुरावा अपुरा. नंतर चौतीस वर्षे गेली. १९९५ साली टोकियोच्या योशिदा आणि सहकाऱ्यांनी अशा रोग्यांच्या वर्णनासाठी स्वयंप्रतिकारजन्य स्वादुपिंडदाह अशा अर्थाचे नाव रूढ केले. औषध म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर सूज उतरते, हेही ध्यानात आले. नाव मिळाले, औषध मिळाले. ओळखण्याची खूण तेवढी राहिली.

ती खूण जपानातल्या मात्सुमोतो या डोंगराळ भागातील शहरी, शिन्शू विद्यापीठात सापडली. रक्तरसातील प्रथिने विजेच्या प्रवाहात पळवून वेगळी करण्याची रीत स्वीडनच्या टिसेलियस यांनी १९३७ साली दिली होती. गावच्या शर्यतीत बैलजोड्या जशा आपापल्या वेगाने पुढेमागे पडतात, तशी प्रथिने पुढेमागे पडून पट्टे तयार होतात. हामानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा स्वादुपिंडाच्या रोग्यांच्या पट्ट्यांत, गॅमा भागाच्या पुढच्या टोकाला, एक जाडसर पट्टा दिसला. नेहमीच्या माणसात तो नसे. हा पट्टा कशाचा?

प्रतिपिंडांतील सर्वांत मुबलक जात म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन जी. तिचे चार पोटभेद आहेत, हे १९६० नंतरच्या दशकात कळले होते. त्यांतला चौथा अगदी गरीब, साऱ्यांत कमी, निरोगी माणसात एकूण 'जी'च्या शेकडा पाचांहूनही कमी. त्याच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नसे. जपानी संशोधकांनी मोजले, तर वाढ याच चौथ्या भावाची! २००१ साली त्यांनी २० रोग्यांचे आकडे प्रसिद्ध केले. निरोगी माणसांत शंभर मिलिलिटर रक्तरसात याचे मधले प्रमाण ५१ मिलिग्रॅम, तर या रोग्यांत ६६३. कर्करोगाच्या आणि इतर स्वादुपिंडरोगांच्या माणसांत अशी वाढ नव्हती. त्यांनी १३५ मिलिग्रॅम ही सीमा ठरवली. त्या सीमेने शंभरात पंचाण्णव रोगी ओळखता येतात, असे त्यांच्या आकड्यांवरून दिसले.

श्रोते हो, ही बातमी किती मोठी होती, याची कल्पना करा. एका बाजूला पोट फाडून करावयाची प्रचंड शस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूला दंडातून घेतलेले चमचाभर रक्त आणि काही आठवड्यांच्या गोळ्या. अमेरिकेतील मोठ्या इस्पितळांनी आपले जुने नमुने काढून पाहिले. कर्करोग समजून केलेल्या या शस्त्रक्रियांपैकी शंभरात सुमारे दोन-तीन रोग्यांत हाच रोग निघाला. आकडा लहान वाटतो खरा. पण त्या दोन-तीन जणांमध्ये कोणाचे तरी मामा असतात.

२००३ साली टोकियोच्या कामिसावा यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हा रोग एकट्या स्वादुपिंडाचा नाही. पित्तनलिका, लाळेच्या ग्रंथी, अश्रूंच्या ग्रंथी, मूत्रपिंड, कुठेही तो उतरू शकतो. वेगवेगळ्या नावांनी फिरणारा एकच माणूस शेवटी एका चावडीवर हजर झाला, असे म्हणायला हरकत नाही.

आता कोणी म्हणेल, मग झाले! रक्त तपासा आणि निकाल लावा. पण इतिहासाची खरी शिकवण याच्या पुढेच आहे. शिक्षक बंधु-भगिनींनी इथे खडू हातात घ्यावा.

२००७ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या गझाले, डॉ. सुरेश चारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तपासणी पुन्हा पारखली. तिथे या रोगाच्या शंभरात ७६ रोग्यांतच प्रमाण वाढलेले निघाले. उलट स्वादुपिंडाचा खरा कर्करोग असलेल्यांपैकी सुमारे शेकडा १० जणांतही ते थोडे वाढलेले होते. मात्र सीमेच्या दुपटीहून, म्हणजे २८० हून अधिक प्रमाण कर्करोगात शंभरात एखाद्यालाच आढळले.

आता धरून चाला, की स्वादुपिंडात गाठ असलेली १००० माणसे आहेत. त्यांतील ९५० जणांना कर्करोग आहे आणि ५० जणांना आपला हा रोग. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे. रक्त तपासले. ५० पैकी शेकडा ७६, म्हणजे ३८ जणांत वाढ. पण ९५० चे शेकडा १०, म्हणजे ९५ कर्करोग्यांतही वाढ! एकूण १३३ जणांचे कागद "वाढले" असे सांगतात, आणि त्यांत खरे फक्त ३८. कागदावर विसंबून साऱ्यांना गोळ्या दिल्या, तर ९५ कर्करोग्यांचा मोलाचा वेळ वाया जाईल. दुपटीची सीमा धरली तर? ५० चे शेकडा ५३, म्हणजे २६ जण, आणि ९५० पैकी नऊ-दहा. आता दर चारांत जवळजवळ तिघे खरे. म्हणजे तपासणी तीच, पण कोणाची करतो, किती वाढ पाहतो, यावर तिचा अर्थ बदलतो. रोग जितका विरळ, तितका वाढीचा एकटा कागद फसवा. ही गोष्ट काविळीपुरती नाही. ती सर्व तपासण्यांना लागू आहे.

पित्तनलिका बुजविणारा आणखी एक जुनाट रोग आहे. त्यात या गोळ्यांचा तसा उपयोग होत नाही, आणि त्याच्याही सुमारे दहांत एका रोग्यात हा चौथा भाऊ वाढलेला दिसतो. म्हणून २०१४ साली ॲमस्टरडॅमच्या वैद्यांनी सुचविले, की प्रमाण थोडेच वाढले असेल तर चौथ्या भावाचे पहिल्या भावाशी गुणोत्तर पाहावे. कधी उलटेही होते. रक्तात हे प्रतिपिंड इतके दाट असतात की यंत्र गोंधळून आकडा कमी दाखवते. मग रक्तरस पातळ करून पुन्हा मोजावा लागतो.

यावर उपाय म्हणून पंच बसले. पुरावा एकट्या रक्ताचा नको. चित्र, रक्त, इतर अवयवांची स्थिती, मांसाचा तुकडा आणि औषधाला मिळालेला प्रतिसाद, या साऱ्यांची साक्ष घ्यावी असे ठरले. मांसाचा तुकडा कसा वाचावा, याविषयी जगभरच्या तज्ज्ञांचे जे एकमत २०१२ साली प्रसिद्ध झाले, त्यावर पहिले नाव बॉस्टनमधील डॉ. विक्रम देशपांडे यांचे आहे. आडनाव वाचून आपल्याला क्षणभर थांबावेसे वाटते, एवढेच.

आता शेवटी आपल्या मुलखाकडे येऊ. अमरावतीस १९८४ साली डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि अकोल्यास २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. माझ्या मामांच्या तरुणपणी असे काहीच जवळ नव्हते. आता रक्ताचा नमुना मोठ्या शहरी पाठवून ही तपासणी करून घेता येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक असेच पिवळे पडले. दुखणे नाही, वजन उतरलेले, मळ फिकट. माळ घालायला माणूस तयारच होता. पण मी त्यांना मामांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इतिहास सांगता का भीती दाखवता?" मी म्हणालो, "दोन्ही." ते तपासायला गेले. चित्रात गाठ होती. रक्तात तो चौथा भाऊ सीमेच्या कित्येक पट वाढलेला होता. डॉक्टरांनी तेवढ्यावर भागविले नाही. सुईने तुकडा काढला, कर्करोग नाही याची खात्री केली आणि मगच गोळ्या सुरू केल्या. तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले. पुढे एकदा रोग उलटला, कारण तो उलटणारा आहे, आणि पुन्हा औषध घ्यावे लागले. पण ते आजही सकाळी पिशवी घेऊन भाजीला जाताना मला दिसतात. दर वेळी मला मामा आठवतात. दोघांचा रोग बहुधा एकच असावा. मध्ये फक्त काही वर्षे आणि एक तपासणी.

याच मातीत शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तनातून सांगितले, की अंगारे-धुपारे सोडा आणि आजाऱ्याला औषध द्या. त्याला मी आज एवढीच पुस्ती जोडतो. गावात साथ असेल तर पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले की दवाखान्यात दाखवा. विशेषतः पन्नाशी उलटलेल्या माणसाला न दुखता कावीळ झाली, मळ फिकट झाला, अंगाला खाज सुटली, तर एक आठवडाही माळेत घालवू नका. अशी कावीळ बहुधा गंभीर असते, कर्करोगही असू शकतो, आणि त्यात दिवस मोलाचे असतात. तिथे "ही तपासणी करता येईल का, डॉक्टरसाहेब?" असे विचारायला संकोच करू नका. पण कागदावरचा एक आकडा पाहून स्वतःच निकालही लावू नका, आणि कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका.

चरकांनी मळाचा रंग पाहिला, एहर्लिखांनी पित्तातला रंग पाहिला, मात्सुमोतोच्या वैद्यांनी पट्ट्यातला एक जाड रेघोटा पाहिला. तिघांनीही एकच केले : समोर होते ते लक्ष देऊन पाहिले. मामांच्या ओसरीवर आम्ही सगळे दोन महिने माळेकडे पाहत बसलो होतो. पाहायला हवे होते ते मामांकडे.